शाल्मलीची एकोणीस खेळणी, हात न लावता

एकट्या नवऱ्याला पायरीवर बसता येत नाही. सोबत बायको लागते.

*

बिटाचा रस वाळायला किती वेळ लागतो हे कुठल्याही पुस्तकात दिलेलं नाही. हेब्बाळ तळ्याच्या बाजूला, व्हरांड्यात, ऑक्टोबरच्या दमट हवेत: साडेतीन दिवस.

*

गेट पास. वस्तू: लाकडी ठोकळे. नग: तेवीस. वस्तू बाहेर नेण्याचा उद्देश: मुलीचे बोलणे.

*

पोपटानं चोच मारलेला पेरू बंगळूरच्या मंडईत मिळत नाही. विचारून बघा. विचारताना आसपास ओळखीचं कोणी नाही याची खात्री करून घ्या.

*

माझ्या उजव्या पायाचा तपकिरी मोजा १९९६ च्या नवरात्रात चौथ्या पायरीवर उभा होता आणि निदान पंचेचाळीस बायकांनी त्याला हळदकुंकू वाहिलं.

*

आता सरळ सांगतो. मला सरळ सांगता येत नाही असं वासंतीचं म्हणणं आहे, पण वासंती माझी बायको असल्यामुळे तिचं मत निःपक्षपाती धरता येणार नाही.

आमची मुलगी शाल्मली तेव्हा एक वर्ष अकरा महिन्यांची होती. चालायची, पळायची, खुर्चीवरून टेबलावर आणि टेबलावरून खिडकीत जायची. फक्त बोलायची नाही. आई नाही, बाबा नाही, नुसतं मम् सुद्धा नाही. हवं ते बोटानं दाखवायची, नको ते भिंतीवर फेकायची. तिच्या वयाची समोरच्या घरातली पोर दोन भाषांत भांडायची.

अशा वेळी माणूस काय करतो? सल्ले घेतो. म्हणजे घेत नाही, ते येतात. शेजारच्या कस्तुराबाई अथणीच्या, तीस वर्षं बंगळुरात. त्या वेखंड घेऊन आल्या. "मधात उगाळून जिभेला लावा की. आमच्या धाकट्याला लावलं, आता स्वल्प गप्प बस म्हटलं तरी बसत नाही." आमच्या कारखान्याच्या स्टोअरमधले देवाप्पा निपाणीचे. त्यांनी पेरूचं सांगितलं. पोपटानं उष्टावलेला पेरू मुलाला दिला की मूल बोलतं. "खरं पोपट रानातला पायजे बघा साहेब. पिंजऱ्यातला चालत नाही." मी विज्ञानाचा पदवीधर आहे. मी तीन मंडया फिरलो.

शेवटी सप्टेंबरात आम्ही मुलांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्या साठीच्या, मऊ आवाजाच्या. त्यांनी शाल्मलीला मांडीवर घेतलं, टिचकी वाजवली, डोळ्यांत बघितलं. मग म्हणाल्या, "घाबरू नका. दुकानातली खेळणी आणू नका. घरातल्याच वस्तू द्या तिला. डबे, झाकणं, चमचे, काही हातानं बनवून द्या. खेळताना तिच्याशी बोला. दसरा झाला की आणा. तोपर्यंत एकही शब्द आला नाही, तर कान तपासून घेऊ."

कान हा शब्द त्यांनी इतर शब्दांच्याच आवाजात उच्चारला. पण रिक्षात बसल्यावर मी घरापर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या पाट्या मोठ्यांदा वाचत होतो. मला कानडी वाचता येत नाही.

*

इथे माझ्या नोकरीविषयी सांगावं लागेल, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे झालं.

मी एका सरकारी कारखान्यात तपासणी खात्यात होतो. बाकीच्यांनी केलेल्या वस्तू नापास करणं हे आमच्या खात्याचं काम. आमचा एक नियम आहे. माल एकेक नग सुटा पास होत नाही. लॉट पूर्ण व्हावा लागतो, त्याची तपासणी व्हावी लागते, मग सगळा लॉट एकदम बाहेर पडतो. बारा वर्षं हा नियम पाळल्यावर तो माणसाच्या हाडांत जातो. दुसरा कुणी बाप असता तर घरी जाऊन पोरीच्या हातात डाव दिला असता आणि मोकळा झाला असता. मी ड्रॉइंग बोर्ड काढला.

एकोणीस खेळणी ठरली. प्रत्येकाला ड्रॉइंग नंबर. पावडरच्या रिकाम्या डब्यात राजमा घालून खुळखुळा. दोऱ्याच्या रिळांची आगगाडी. कुकरच्या जुन्या रिंगला बांधलेली झाकणं. काडेपेट्यांचे खण, प्रत्येकात वेगळा स्पर्श: वाळू, कापूस, पॉलिश पेपर. चाकांवरच्या करवंट्या. एक बाई, जिचं धड माझ्या मोज्याचं, केस काथ्याचे, डोळे शर्टाच्या बटणांचे. आणि तेवीस लाकडी ठोकळ्यांचा एक संच, ज्यासाठी कारखान्यातल्या पॅकिंगच्या खोक्यांचं टाकाऊ लाकूड हवं होतं.

"खेळणी म्हणून लिवू नका साहेब," देवाप्पा म्हणाले. "खेळणी म्हटलं की वेल्फेअर खात्याची सही लागतीय. सरपण लिवा की ओ. सरपणाला दोनच सह्या."

"माझी मुलगी सरपणाशी खेळणार, असं मी लिहून देऊ?"

"कोण वाचतंय?"

पण मी खरं लिहिलं. उद्देश: मुलीचे बोलणे. तीन दिवसांनी पास परत आला. हिरव्या शाईत शेरा होता: "कोणाशी?" मी लिहिलं, "कोणाशीही." आणखी दोन दिवसांनी पुन्हा परत. "परत येणार की परत न येणार, याचा खुलासा नाही." हा प्रश्न ठोकळ्यांबद्दल होता हे मला माहीत होतं, तरी 'परत न येणार' हे मी दोनदा खोडून मग लिहिलं. शेवटी गेटवर रखवालदारानं ठोकळे मोजले. चोवीस भरले. वाटेत एक उभा चिरला होता. तेवीसच्या पासावर चोवीस नग म्हणजे चोरी. मी, तपासणी खात्यातला वरिष्ठ माणूस, गेटवर उकिडवा बसून दोन तुकडे एकमेकांना लावून दाखवत होतो की हे मुळात एकच होते. मागे दुसऱ्या पाळीचे चारशे लोक उभे होते. त्यातले काही टाळ्या वाजवत होते.

*

आमच्या घरातून त्या तीन आठवड्यांत गैरहजर असलेल्या वस्तू, वासंतीनं कॅलेंडरच्या मागे लिहिल्याप्रमाणे: गाळणं, दोन डाव, चिमटा, हळदीचा डबा (हळदीसह), सगळी झाकणं.

"अहो, तो पावडरचा डबा तरी द्या तिला," ती म्हणायची. "हात पुढे करून उभी आहे बघा."

"अजून पास नाही झालेला."

आणि नव्हताच. तीन फुटांवरून दहा वेळा टाकून बघितला. सातव्या वेळी झाकण उडालं, राजमा घरभर झाला. मूल ते नाकात घालतं! मी झाकण बदललं, पुन्हा पहिल्यापासून दहा वेळा टाकला. खाली शाल्मली उभी. डबा पडला की तिला हसू यायचं का, आवाजाला वळायची का, हे मी बघायला हवं होतं. मी झाकण बघत होतो.

रंगाचाही प्रश्न होता. मूल खेळणं तोंडात घालणार, म्हणजे बाजारचा रंग बाद. मी हळद आणि बिटाचा रस वापरला. हळदीचे पिवळे पट्टे, बिटाचे लाल ठिपके. सगळा लॉट रंगवून झाला तो दिवस नवरात्राचा पहिला होता. याची मला कल्पना नव्हती. म्हणजे कॅलेंडरवर होतं, पण कॅलेंडर उलटं टांगलेलं होतं, यादीसाठी.

वारा सगळ्या बाजूंनी लागावा म्हणून व्हरांड्यात विटांवर फळ्या ठेवून चार पायऱ्यांची घडवंची केली. तिच्यावर एकोणीस खेळणी वाळत मांडली. उंच मागे, बुटकी पुढे. सवय.

*

आमच्या घरमालकीण राजलक्ष्मीअम्मा वरच्या मजल्यावर राहायच्या. त्या कानडीत बोलायच्या, आम्ही हिंदीत उत्तर द्यायचो आणि अर्थ मधेच कुठेतरी जिन्यात भेटायचा. चार वर्षांपूर्वी त्यांचे यजमान गेले होते. तेव्हापासून त्या जिन्यावरून खाली बघतच चढत-उतरत.

त्या सकाळी देवळात जाताना त्या व्हरांड्याशी थांबल्या. दोन्ही हात गालांवर ठेवले.

"गोंबे कूरिसिद्दीरा!"

कस्तुराबाई कुंपणापलीकडे कपडे वाळत घालत होत्या. "बाहुल्या बसवल्यात का म्हणून विचारतायत," त्या म्हणाल्या. "इकडं नवरात्रात घरोघर पायऱ्यांवर बाहुल्या मांडतात की. नऊ दिवस पूजा, आरती. बायका बघायला येतात."

"त्यांना सांगा, ही वाळत घातलीयत."

कस्तुराबाईंनी तोंड उघडलं. तेवढ्यात राजलक्ष्मीअम्मा भराभर वर गेल्या आणि एक लाकडी बाहुला पदरात गुंडाळून घेऊन आल्या. रक्तचंदनाचा, राजाच्या वेषातला. मी म्हटलं, छान आहे, एवढा पुरे. त्यांनी मान हलवली, एकटा कसा बसेल, आणि पुन्हा वर जाऊन राणी आणली. ती जोडी त्यांना लग्नात माहेरहून मिळाली होती. यजमान गेल्यापासून पेटीत होती. त्यांनी दोघांना सगळ्यांत वरच्या पायरीवर बसवलं, माझी आगगाडी थोडी बाजूला सरकवून, आणि डोळे पुसले.

"हं, आता तुम्हीच सांगा त्यांना, वाळत घातलीयत म्हणून," कस्तुराबाई हळूच म्हणाल्या. "मला नाही बाई जमायचं."

मी वासंतीकडे बघितलं. वासंती निरांजन शोधायला आत गेली होती.

*

मला जिन्यात कळत गेलेले नियम. पायऱ्या विषम हव्यात, चार चालत नाहीत, म्हणून पाचवी पायरी माझ्या ड्रॉइंग बोर्डाची. रोज संध्याकाळी उसळ. येणाऱ्या बाईनं एक गाणं म्हणायचं, येत नसलं तरी. आणि बसवलेल्या बाहुल्या दसऱ्यापर्यंत हलवायच्या नाहीत. दसऱ्याला त्यांना आडवं निजवायचं, मग उचलायचं. तोपर्यंत हात लावायचा नाही. मुलांनी तर नाहीच नाही.

"पण ही मुलीसाठीच आहेत!" मी वासंतीला म्हटलं. "बावीस तारखेला डॉक्टरांकडे जायचंय. तिनं एकाही खेळण्याला हात लावलेला नाही!"

"तीन आठवडे कोणी लावू दिला नाही?" वासंती म्हणाली आणि हरभरे भिजत घालायला गेली.



संध्याकाळी बायका यायला लागल्या. पहिल्या दिवशी सात, दुसऱ्या दिवशी पंधरा. तिसऱ्या दिवशी पलीकडच्या ले-आउटमधून, म्हणजे वसाहतीतून. मराठी लोकांच्या घरी जुन्या पद्धतीच्या बाहुल्या आहेत अशी बातमी होती. रिळांची आगगाडी आणि चाकांवरच्या करवंट्या ही म्हैसूरच्या दसऱ्याची मिरवणूक ठरली, खुळखुळा हत्ती ठरला. मोज्याच्या बाईपुढे सगळ्या हात जोडायच्या. एकीनं विचारलं, ही कुठली देवी? मी सांगायला लागलो की हिचा उद्देश बोटांच्या लहान स्नायूंना व्यायाम देणं हा आहे, तर वासंती म्हणाली, "आमच्याकडची आहे." बाईनं मोज्याला कुंकू लावलं. मी आत जाऊन पेपर वाचत बसलो. तो परवाचा होता.

शाल्मलीला रोज कोणीतरी मांडीवर घेऊन पायऱ्यांसमोर बसायचं. तिचा हात पुढे गेला की सगळ्या एका सुरात, लाडानं, "मुट्टबेडा पापा, मुट्टबेडा!" म्हणजे बाळा, हात लावू नको; बेडा म्हणजे नको. राजलक्ष्मीअम्मा तर्जनी उभी करून म्हणायच्या, मान किंचित तिरकी करून. मग गाणं व्हायचं. शाल्मली गाणाऱ्या बाईच्या तोंडात जवळजवळ डोकं घालून बघायची. दिवसा ती स्वयंपाकघरात वासंतीजवळ असायची, कारण उसळीसाठी भांडी घरात परत आली होती. वाटीनं हरभरे या पातेल्यातून त्या पातेल्यात. मोठा आवाज, बारीक आवाज. मला हे दिसत होतं, पण त्याला ड्रॉइंग नंबर नसल्यामुळे मी ते धरलं नाही.

*

आणि मग दयानंद. ले-आउटच्या संघटनेचे सेक्रेटरी. स्कूटरवरून आले, फाइल घेऊन. बाहुल्यांची स्पर्धा होती, आमचं नाव राजलक्ष्मीअम्मांनी देऊन टाकलं होतं. फॉर्म भरायचा होता. माझी उत्तरं जशीच्या तशी:

सर्वांत जुनी बाहुली किती वर्षांची? पाच. (मोजा. १९९१ च्या दिवाळीत बोनसमधून घेतलेला. राजाराणी आमचे नव्हेत, म्हणून धरले नाहीत.)

बाहुल्या कोणत्या गावच्या? कारखान्याच्या दोन नंबर गेटच्या.

परंपरा घरात केव्हापासून? रविवारपासून.

दयानंद वाचत गेले आणि त्यांचा चेहरा गंभीर होत गेला. "सर, रविवार चालत नाही. आजोबा लिहा."

"माझे आजोबा नाशिकला पोस्टमास्तर होते. त्यांनी आयुष्यात बाहुली बघितली नाही."

"सरी सर, पण फॉर्मला कसं कळणार?"

मी सही करायला नकार दिला. बारा वर्षांत मी खोट्या कागदावर सही केलेली नाही. वासंतीनं केली. आजोबांच्या नावापुढे तिनं 'छंद' असं लिहिलं.

*

सातवा दिवस, शनिवार. डॉक्टरांकडे जायला तीन दिवस उरले होते आणि एकही शब्द नव्हता. कारखान्यात एका लॉटवर मी 'पास' ऐवजी 'कान' असं लिहिलं आणि ते देवाप्पांनी पाहिलं. त्यांनी कागद माझ्या हातून काढून घेतला आणि म्हणाले, "साहेब, घरी जावा तुमी. हे मी बघतो."

मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी आलो. दुपारचे दोन. राजलक्ष्मीअम्मांची झोपायची वेळ. कस्तुराबाईंचं दार बंद. वासंती मागच्या अंगणात. शाल्मली व्हरांड्याच्या कोपऱ्यात वाटी आणि हरभरे घेऊन बसलेली, पाठ माझ्याकडे.

मी ठरवलं होतं. नियम राजलक्ष्मीअम्मांचा असो की माझ्या खात्याचा, आज एक नग लॉटमधून सुटा निघणार. मोज्याची बाई. दहा मिनिटं मुलीच्या हातात देईन, बोलेन तिच्याशी, डॉक्टरीणबाई म्हणाल्या तसं, आणि परत ठेवीन. मी चपला काढल्या. पायऱ्यांपुढे गुडघे टेकले. हात लांब केला. काथ्याच्या केसांना बोट लागलं.

"बेडा!"

मी हात मागे घेतला. आधी वर बघितलं, जिन्याकडे. कोणी नव्हतं.

शाल्मली उठून उभी होती. तर्जनी वर. मान किंचित तिरकी.

"मुट्ट... बेडा!" ती म्हणाली. माझ्याकडे बघून, कपाळाला आठी घालून, स्पष्ट.

खरं तर तेव्हा माणसानं मुलीला उचलून घ्यायला हवं. पण एका निरीक्षणावर निष्कर्ष काढायचा नाही, हे मला शिकवलेलं आहे. मी पुन्हा हात लावला. "बेडा!" खुळखुळ्याला लावला. "बेडा!" आगगाडी, झाकणं, काडेपेट्या. ती आता पाय आपटत होती. अकरा वेळा लावला, अकरा वेळा उत्तर आलं, शेवटच्या दोन वेळा पाठीवर चापटीसह. वासंती ओल्या हातांनी दारात येऊन उभी राहिली होती. तिनं तोंडावर पदर धरला होता, आणि ती हसत होती की काय करत होती ते मला माझ्याच डोळ्यांतल्या पाण्यामुळे नीट दिसेना.

आवाजानं राजलक्ष्मीअम्मा जाग्या झाल्या असाव्यात. जिन्यावरून खाली आल्या तेव्हा त्यांना दिसलं ते एवढंच: भाडेकरू गुडघ्यांवर, रडतोय, आणि त्याचा हात देवीच्या केसांत.

"अय्यो! मुट्टबेडी!" त्या ओरडल्या.

"बेडा!" शाल्मली ओरडली.

दोघींनी मिळून मला व्हरांड्याबाहेर काढलं. मी अंगणात अनवाणी उभा राहिलो. कस्तुराबाईंनी दार उघडून विचारलं, "काय झालं हो?" मी म्हटलं, "ती बोलली." त्या म्हणाल्या, "वेखंड."

*

बावीस तारखेला डॉक्टरीणबाईंनी स्टेथोस्कोप पुढे केला आणि त्यांना जे ऐकायला मिळालं त्याचा अर्थ मी सांगायची गरज पडली नाही, त्या धारवाडच्या होत्या. हात वर करून त्या मागे सरकल्या. "कसं केलंत?" त्यांनी विचारलं. मी एकोणीस ड्रॉइंगची गुंडाळी उलगडायला घेतली. वासंतीनं ती माझ्या हातून घेतली आणि शाल्मलीला दिली. तिनं ती उभी फाडली. छान आवाज झाला.

शाल्मलीचे कान वासंतीनं सप्टेंबरच्या शेवटच्या शुक्रवारी, मी कारखान्यात असताना, एकटीनं रिक्षा करून नेऊन तपासून आणले होते. ते चांगले होते.